डोंगर पेटतो तेव्हा : ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी धुराच्या दिवसांतली काळजी

फेब्रुवारी सरता सरता घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीतून रात्री येऊरकडे बघा. काळ्या डोंगरावर तांबडी, वाकडीतिकडी रेघ हळूहळू सरकताना दिसते. लांबून दिव्यांची माळच वाटते. ठाण्यात आलो त्या पहिल्या वर्षी आम्ही सगळे गच्चीवर उभं राहून ती रेघ बघत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पाच वर्षांच्या मुलाची छाती शिट्टीसारखी वाजत होती. आम्ही काय केलं? खोलीची दारं लावून घेतली आणि निखाऱ्यावर ओवा-कापूर टाकून त्याला धुरी दिली. धुराने आजारी पडलेल्या लेकराला आणखी धूर. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "औषध मी देतो, पण तुम्ही आधी त्याच्या खोलीतली हवा साफ करा."

पुढे बरीच वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी राहून जे शिकलो, ते सगळं त्या एका वाक्याच्या पोटात बसतं. 'नैसर्गिक उपाय' म्हटलं की आपलं डोकं आधी काढा, हळद, मध यांच्याकडे धावतं. त्यांनाही जागा आहे, पुढे येईलच. पण धुराच्या दिवसांत सगळ्यात नैसर्गिक उपाय म्हणजे वाऱ्याची वेळ ओळखणं आणि त्याप्रमाणे खिडकी उघडणं-लावणं. त्याला पैसा लागत नाही, फक्त लक्ष लागतं.

धूर येतो कुठून

पावसाळ्यात डोंगरावर कमरेएवढं गवत माजतं. दिवाळीनंतर ते वाळायला लागतं. माघ-फाल्गुनात पानगळ होऊन खाली पाचोळ्याचा जाड थर साचतो, आणि पळस फुलतो त्या सुमाराला एक ठिणगी पुरते. तिथपासून पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे अखेर, वणव्यांचे दिवस. ठाण्यात येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू, आणि पलीकडे मुंब्र्याचा डोंगर. नवी मुंबईत पारसिकचा डोंगर आणि खारघरच्या टेकड्या.

कॅलिफोर्नियातले किंवा ऑस्ट्रेलियातले वणवे आपण टीव्हीवर बघतो, झाडांच्या शेंड्यांवरून धावणारे. आपल्याकडचे तसे नसतात. ते जमिनीलगत गवत आणि पाचोळा खात पुढे सरकतात. ज्वाळा लहान असतात, पण धूर भरपूर होतो, आणि आग विझल्यासारखी दिसली तरी बुंधे आणि ओंडके रात्रभर धुमसत राहतात. म्हणून "आग तर विझली, आता काय" असं म्हणून लगेच खिडक्या उघडू नका. पुढची पहाट बहुतेक वेळा जास्त वाईट असते.

वणव्याबरोबर इतरही धूर असतात. शहापूर-मुरबाडकडे भाताचे शेतकरी पावसाच्या आधी राब भाजतात; दाढीच्या, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्याच्या, जागेवर शेण, पाचोळा, फांद्या पसरून पेटवतात, म्हणजे तण मरतं आणि रोपं जोमाने येतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही पद्धत आहे, आणि शहराच्या हवेचं खापर त्या शेतकऱ्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. आपल्याच सोसायटीच्या मागे झाडलोटीचा पाला पेटवला जातो, तो धूर थेट पहिल्या मजल्याच्या बेडरूममध्ये शिरतो. कचऱ्याच्या डोंगरांना लागणाऱ्या आगी तर फारच वाईट. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतसुद्धा दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

वासावरून फरक ओळखायला शिका. गवताच्या धुराला चुलीसारखा वास येतो. प्लास्टिक आणि कचरा जळत असेल तर वास उग्र, घशात बसणारा असतो; तो धूर थोडा असला तरी जास्त त्रासदायक. आणि तुर्भे, महापे, तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्याच्या आसपास राहत असाल आणि एकदम रसायनाचा, कुजक्या अंड्याचा किंवा डोळे झोंबणारा वास आला, तर तो वणवा नव्हे. तिथे मास्कवर विसंबू नका. वायू साध्या एन-९५ मधून आरपार जातात. वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब निघून जा आणि १०१ किंवा ११२ ला कळवा.

पहिली पायरी : वारा बघायला शिका

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं? दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. परीक्षा झाली की आपण ते विसरतो. ठाण्यात राहायचं तर ते पुन्हा आठवावं लागतं.

रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ कोंडते, तसा धूर खाली कोंडतो. त्यातून डोंगरावरची गार हवा उताराने खाली सरकते आणि तिथला धूर पायथ्याच्या वस्तीत आणून सोडते. म्हणून उत्तररात्रीपासून सकाळी आठ-नऊपर्यंतची वेळ सगळ्यात वाईट. उन्हं वर आली की जमीन तापते, झाकण फुटतं, हवा वर उठते. अकरा-बाराच्या पुढे खारे वारे सुरू झाले की धूर पांगतो.

पण ठाणेकरांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. येऊर आपल्या पश्चिमेला आहे. दुपारी समुद्राकडून येणारा वारा येऊरवरून ठाण्यात उतरतो. डोंगर दुपारीच पेटलेला असेल तर तोच खारा वारा धूर थेट आपल्या अंगावर आणतो. त्यामुळे "दुपारी हवा चांगली" हा नियम डोंगर शांत असेल त्या दिवसापुरताच.

तुमच्या घरापुरतं हे कसं ओळखायचं? दोरीवरचे कपडे कोणत्या बाजूला उडतात ते बघा. आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढं लक्षात ठेवलंत की तुमच्या खिडक्यांचं वेळापत्रक तुम्हीच सांगू शकाल. कोणती खिडकी डोंगराकडे, कोणती रस्त्याकडे, कोणती खाडीकडे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. मुलांना हे काम फार आवडतं. आमच्याकडे वाऱ्याची पहिली बातमी मुलगाच देतो.

दुसरी पायरी : आकडा वाचायला शिका

धुरातला सगळ्यात घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. नाकातले केस आणि शेंबूड मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, आणि त्यांतले अगदी बारीक रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराचा त्रास फक्त खोकल्याचा नसतो, हृदयालाही होतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे ॲप फोनवर घ्या. ठाण्यात कासारवडवली, नवी मुंबईत ऐरोली, महापे, नेरूळ अशा ठिकाणची मोजणी केंद्रं त्यात दिसतात. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर.

नव्या माणसाची इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली म्हणजे, अधिकृत निर्देशांकात पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी धरलेली असते. संध्याकाळी सातला डोंगर पेटला तर साडेसातला आकडा फारसा हलत नाही. अशा वेळी दर तासाचं पीएम २.५ बघा, आणि त्याहीपेक्षा स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवा. दुसरी म्हणजे, फोनमधली काही ॲप अमेरिकी पद्धतीने निर्देशांक काढतात. हवेत पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पद्धतीने निर्देशांक १०० येतो, अमेरिकी पद्धतीने दीडशेच्या पुढे जातो. हवा एकच, आकडे दोन. म्हणून कोणतंही एकच ॲप धरून ठेवा आणि शक्यतो मायक्रोग्रॅमचा आकडा वाचा. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १५ वर आणली. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर मी ६० ची वाट बघत नाही. तीसच्या पुढे गेलं की खिडकी लावते.

तिसरी पायरी : घरातली एक खोली राखून ठेवा

अख्खं घर धुरापासून वाचवायला गेलात तर काहीच वाचत नाही. एक खोली निवडा. शक्यतो झोपायची, कमी खिडक्यांची, डोंगराच्या विरुद्ध बाजूची. आपण सात-आठ तास झोपतो आणि तीच वेळ सगळ्यात वाईट हवेची असते. म्हणजे ती एक खोली जमली तर निम्मं काम झालं.

आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचांतून हवा सहज येते. खाचांत फोमची पट्टी चिकटवा किंवा जुन्या सुती साडीच्या घड्या दाबून बसवा. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावा. स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा, कारण तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच बाहेरची धुरकट हवा फटींतून आत खेचतो. खिडकीवर ओली चादर टांगायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. तिने जाड धूळ आणि राख थोडी अडते, खोली गारही वाटते, पण पीएम २.५ अडत नाही. तिच्या भरवशावर खिडकी उघडी ठेवू नका.

एसी असेल तर स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, तो चालेल. त्याची जाळी दर आठवड्याला धुवा. खिडकीतला एसी असेल तर बाहेरची हवा घेण्याची खिटी बंद आहे ना ते बघा. गाडीतही आतली हवा फिरवायचं बटण दाबा. एअर प्युरिफायर घ्यायचा झाला तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा घ्या, खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्या, आणि ओझोन सोडणारा मुळीच घेऊ नका. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. परवडत नसेल तर हेपा फिल्टर सुटा मिळतो. तो टेबल फॅनच्या जाळीला पट्ट्याने घट्ट बांधला की बंद खोलीत बऱ्यापैकी काम करतो. फक्त पंख्याची मोटर गरम होते का यावर लक्ष ठेवा आणि घरात कोणी नसताना तो चालू सोडू नका.

आता त्या खोलीत काय करायचं नाही. उदबत्ती, धूप, कापूर, लोबान नाही. डासांची कॉईल तर अजिबात नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉईल जळून निघणारे पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं आढळलं होतं. मच्छरदाणी लावा. देवापुढे त्या दिवसांत फूल वाहा, निरांजन दोन मिनिटांत शांत करा. देव रागावत नाही, असं माझ्या सासूबाईच सांगतात, आणि त्यांच्यासारखं पूजेला जपणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बाळंतिणीच्या घरी अंघोळीनंतर बाळाला द्यायची वावडिंग-ओव्याची धुरी मात्र मनापासून हात जोडून सांगते, थांबवा. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो, त्याच्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त हवा आत जाते.

तळण टाळा. भजी, पुऱ्या, मिरचीची खमंग फोडणी यांनी घरातले कण झपाट्याने वाढतात. खिचडी, आमटी-भात, वाफवलेल्या भाज्या यांवर दोन दिवस काढा. केर काढताना झाडूने धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने लादी पुसा.

कुंडीतल्या झाडांविषयी प्रत्येक जण विचारतो. स्नेक प्लांट, मनीप्लांट हवा शुद्ध करतात असं दुकानदार सांगतात. त्याचं मूळ १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग लहान बंद पेटीत काही वायूंवर झाला होता. २०१९ मध्ये संशोधकांनी असे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा निष्कर्ष निघाला की नेहमीच्या घरात फरक पडायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं हवीत, कदाचित हजारही. झाडं जरूर लावा, मन प्रसन्न राहतं. पण धुरावरचा उपाय म्हणून त्यांच्यावर पैसे घालू नका.

आणि उकाड्याचं काय? एप्रिल-मेमध्ये सगळं बंद करून बसणं, त्यातून वीज गेली तर, धुराइतकंच धोक्याचं. घाम थांबला, चक्कर आली, डोकं ठणकायला लागलं तर खिडकी उघडा. त्या क्षणी ऊन लागणं हा मोठा धोका. वागळे इस्टेट, दिघा, तुर्भ्याच्या वस्त्यांतल्या पत्र्याच्या घरांना दार लावून बसणं शक्यच नसतं. तिथे पहाटेच्या वाईट तासांत मास्क लावणं आणि दिवसा काही तास एखाद्या बंद, गार जागेत काढणं, मग ते वाचनालय असो किंवा नातेवाइकाचं घर, हाच मार्ग उरतो. तुमच्याकडे एसीची खोली असेल आणि शेजारी दम्याचे आजोबा असतील तर त्यांना दुपारी बोलावून घ्या.

हवा सुधारली की पंधरा-वीस मिनिटं सगळ्या खिडक्या उघडून घर मोकळं करायला विसरू नका. कोंडलेली हवाही शेवटी वाईटच.

चौथी पायरी : मास्क

रुमाल, ओढणी, ओला पंचा, कापडी मास्क यांतून धुराचे कण आरामात आत जातात. ओला केल्याने काही होत नाही, उलट श्वास घ्यायला जड जातं. निळा सर्जिकल मास्क बाजूंनी उघडा असतो. एन-९५ किंवा एफएफपी-२ च लागतो. आपल्याकडच्या मास्कवर आयएस ९४७३ हे मानक छापलेलं असतं ते बघून घ्या. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवणारा. पण हे तो चेहऱ्याला चपखल बसला तरच. कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क जास्त घट्ट बसतो. नाकाची पट्टी दाबा, जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर तो नीट बसलेला नाही. दाढी असेल तर फटी राहतातच. दोन वर्षांखालच्या मुलांना कोणताच मास्क लावू नका.

घरकामाच्या मावशी, सोसायटीचे वॉचमनकाका, सकाळी दूध टाकणारा मुलगा, ही माणसं नेमकी त्या वाईट तासांतच बाहेर असतात. त्यांच्यासाठी चार मास्क जास्त आणा.

स्वयंपाकघर काय करू शकतं

स्पष्टच सांगते : खाल्ल्या-प्यायल्याने फुप्फुसात गेलेला धूर बाहेर पडत नाही. गूळ खाल्ला की छाती साफ होते असं कारखान्यांतले कामगार पिढ्यान् पिढ्या मानत आले आहेत. गूळ चांगलाच, पण माणसांवर तसं सिद्ध झालेलं नाही. स्वयंपाकघर आराम देऊ शकतं, आणि आरामाची किंमत कमी नाही.

पाणी भरपूर प्या. नाक-घशाचा ओलावा टिकला तर कण चिकटून कफाबरोबर बाहेर पडतात. ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत, आवळ्याचं पन्हं, नुसतं माठातलं पाणी, काहीही चालेल. घसा खवखवत असेल तर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. हळद-दूध, आलं-तुळशीचा काढा, चमचाभर मध यांनी खोकल्याची ढास कमी होते. एक वर्षाखालच्या बाळाला मध मात्र कधीच नाही. ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर लक्षात ठेवा, जास्त आणि रोज घेतल्याने रक्तदाब चढतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी टाळावं.

जलनेतीने नाक मोकळं होतं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं किंवा टाकीचं नको. त्यातले जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. प्रमाण एक लिटरला ९ ग्रॅम साधं मीठ. जमत नसेल तर मेडिकलमधला सलाईनचा नाकातला स्प्रे आणा. नाकपुडीच्या कडेला तुपाचं बोट फिरवायला हरकत नाही, पण नाकात तेल ओतू नका, तान्ह्या बाळांच्या आणि म्हाताऱ्यांच्या तर मुळीच नाही. ते तेल श्वासनळीतून खाली उतरून एका वेगळ्याच न्यूमोनियाला कारण होतं. वाफाऱ्याने चोंदलेलं नाक सुटतं, बस इतकंच. लहान मुलं उकळत्या पातेल्यापाशी भाजतात, त्यांना देऊ नका.

बाहेरून आलात की तोंड-हातपाय धुवा, कपडे बदला, जमलं तर डोक्यावरून अंघोळ करा. केसांत बसलेला धूर उशीवर उतरतो. डोळे चुरचुरत असतील तर गार स्वच्छ पाण्याचे हबके मारा, चोळू नका, लेन्स काढून ठेवा. आणि हो, गच्चीवर वाळवण घातलं असेल, पापड, कुरडया, सांडगे, तर डोंगरावर धूर दिसताच गोळा करा. काळी राख एकदा चिकटली की कुरडईवरून जात नाही.

चालायला जाणाऱ्यांसाठी

उपवन तलाव, तलावपाळी, येऊरचा चढ, नेरूळचं 'ज्वेल', खारघरची टेकडी. पहाटे पाचला निघणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना समजावणं सगळ्यात अवघड. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात चालताना किंवा चढताना ती कितीतरी पटींनी वाढते, तीही तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून. धुराच्या पहाटे तासभर चालणं म्हणजे तेवढा धूर आत ओढणं. त्या दिवशी घरातच सूर्यनमस्कार घाला, किंवा संध्याकाळी वारा सुटल्यावर निघा. कपालभाती आणि भस्त्रिकेलाही हेच लागू. उघड्या गॅलरीत, धुरात, दीर्घ श्वास घेऊ नका. बंद, स्वच्छ खोलीत अनुलोम-विलोम करा, मन शांत होईल.

दमा, हृदयविकार, गरोदरपण

ज्यांना दम्याचे पंप दिलेले आहेत त्यांनी फेब्रुवारीच्या आधीच एकदा डॉक्टरांना भेटून यावं. पंप दोन प्रकारचे असतात : रोज घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा, आणि तातडीचा, धाप लागल्यावर घ्यायचा. धुराच्या दिवसांत रोजचा पंप चुकवू नका आणि तातडीचा कायम खिशात ठेवा. "पंपाची सवय लागते" हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि त्याने माणसं दगावली आहेत. सवय लागत नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घेतला तर औषध घशात न बसता फुप्फुसात पोचतं. काढा घ्यायचाच असेल तर पंपाबरोबर घ्या, पंपाऐवजी नको. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. गरोदर बायकांनी त्या आठवड्यात राखलेल्या खोलीतच जास्तीत जास्त वेळ काढावा. घरच्यांनी बाहेरची कामं उचलावीत.

आता थांबायचं नाही अशी लक्षणं. बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, छातीत दुखतं किंवा आवळल्यासारखं होतं, ओठ-नखं निळसर, एकाएकी गोंधळल्यासारखं वागणं, बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणं, किंवा तातडीचा पंप घेऊनही आराम नाही : लगेच १०८ ला फोन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा गेला तर डॉक्टर गाठा. पण माणूस प्रत्यक्ष आगीजवळ किंवा कोंडलेल्या धुरात सापडलेला असेल तर ऑक्सिमीटरवर विसंबू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटतो आणि यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून आकडा ९८ दाखवतं. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी असेल तर आकडा कितीही चांगला असो, दवाखाना.

आग दिसली तर

डोंगरावर धूर दिसला की वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ या क्रमांकावर फोन करा. वस्तीजवळ असेल तर १०१ ही. कुठून बघताय, कोणत्या टॉवरच्या किंवा पाड्याच्या वरच्या अंगाला आग आहे, रेघ कोणत्या बाजूला सरकतेय, एवढं सांगितलं तरी पुरतं. "कोणीतरी केला असेल" म्हणून गप्प बसू नका. स्वतः विझवायला वर चढू नका. वाळल्या गवतात आग माणसापेक्षा वेगाने चढते. वनविभाग उन्हाळ्याआधी गवत काढून जाळरेषा आखतो, त्यामुळे आग एका पट्ट्यात अडते; पण सिगारेटचं थोटूक आणि पार्टीतली शेकोटी कोणत्याही जाळरेषेच्या आत पडू शकते. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घालून ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवलेला आहे. सोसायटीच्या सभेत हे दोन आकडे वाचून दाखवा आणि पाल्यासाठी आवारात एक खड्डा मागून घ्या. आमच्याकडे तीन सभा लागल्या. आता त्या खड्ड्यातलं खत गुलमोहराच्या मुळाशी जातं.

पहिल्या पावसानंतर

जूनमध्ये पहिली सर येऊन डोंगर धुतला गेला की दोन कामं उरतात. पंख्याची पाती, एसीची जाळी, खिडक्यांच्या खाचा ओल्या फडक्याने पुसून घ्या. प्युरिफायरचा काळा पडलेला हेपा धुऊ नका, बदला. दुसरं, "आता बरं वाटतंय" म्हणून दम्याचा रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नका. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि बुरशीने तीच छाती पुन्हा वाजायला लागते. पंप कधी कमी करायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. उरलेले मास्क कोरड्या डब्यात, झाकण लावून ठेवा.